पेनल्टीचा मान

...नाही, म्हणजे मला एक सांगा, पेनल्टी कोणी मारायची हे जगात कोण ठरवतं हो? कोच ठरवतो. नाहीतर कॅप्टन ठरवतो. नाहीतर ज्याला मारता येतं तो आपला बॉल उचलतो, ठेवतो, मारतो, विषय संपला! आमच्याकडे? आमच्याकडे पेनल्टीचा मान असतो. मान! पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिली काडी कोणाची, जत्रेत पहिला नारळ कोणाचा, तसा पेनल्टीला पाय कोणाचा हे वाडवडिलांच्या काळात ठरलेलं, आणि मग तो पाय बॉलला लागो, खांबाला लागो की जमिनीला लागो, त्याच्याशी कोणाला काही देणंघेणं नाही. मान राखला गेला ना? झालं तर मग. व्हय म्हाराजा!

आता ‘व्हय म्हाराजा’ काय ते तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगते. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो आणि जमलेली सगळी माणसं दर वाक्याला एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ देवळात ऐकाल तर अंगावर काटा येईल, इतकं सुंदर वाटतं. पण ह्या लोकांनी ते देवळातून उचललं आणि क्लबच्या सभेत आणलं! अध्यक्ष म्हणाले, यंदा जर्सी पिवळी. व्हय म्हाराजा. अध्यक्ष म्हणाले, पिवळी नको, मळते. व्हय म्हाराजा! अहो, तुम्ही दोन्हींना हो म्हणालात, मग खेळाडूंनी घालायचं काय? याच्यावर कोणी बोलणार नाही. चहा येणार, सभा संपणार.

मी क्लॉडिया. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला म्हणून तुमच्याशी अशी सरळ बोलतेय, नाहीतर घरी आमची मालवणीच. आणि हे सगळं मी ज्याच्यापायी सांगतेय तो बाप्तिस्त. माझा नवरा. मिठबावच्या अलीकडे खाडीच्या काठाला आमचं गाव आहे, तिथल्या नवतरुण फुटबॉल क्लबचा तो कोच. नवतरुण हं! कमिटी एकवीस जणांची, टीम अकराची, आणि कमिटीतल्या सगळ्यात तरुण माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच झालं.

बाप्तिस्त तरुणपणी गोव्यात एका क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये खेळलेला. मग बोटीवर लागला, जन्मभर समुद्रावर राहिला. सुट्टीवर यायचा तेव्हा, तुम्हाला सांगते, बॅग खांद्यावर तशीच, बायको दारात उभी, पोर कडेवर, आणि हा आधी ग्राउंडवर जाऊन यायचा! मी म्हणायचे, अरे, तिथे कोण आहे तुझं? तर म्हणे, गवत उगवलंय की नाही बघून आलो. त्या ग्राउंडवर त्याच्या बापाने आणि गावातल्या बाप्यांनी मिळून चिऱ्याची खडी वेचलीय, हातांनी. जमीन दिली हरिश्चंद्रदादांच्या वडिलांनी. हे हरिश्चंद्रदादा म्हणजे आमचे अध्यक्ष. तर जमीन त्यांच्या घरची म्हणून पेनल्टीचा मान त्यांच्या घरचा. तेव्हा त्या जुन्या माणसांनी भांडण नको म्हणून सगळंच वाटून टाकलं होतं, जसं देवळात वाटतात तसं. कॉर्नर किक खालच्या वाडीची, कारण त्यांनी गोलच्या खांबांना होडीची लाकडं दिली. गोलकीपर आमच्या ख्रिश्चन वाडीचा, कारण त्या काळात आमच्यात एक ताडमाड उंच मनुष्य होता. आता आमच्या वाडीतून सॅविओ आहे. चांगला मुलगा, प्रार्थनेत गातो छान, पण उंचीला माझ्या खांद्याला लागतो. काय करणार? मान!

आणि कॅप्टनपद फिरतं. दरवर्षी एका घराकडे. यंदा ते ज्या घरी गेलं त्या घरातली सगळी माणसं मुंबईला, मागे राहिलेला एकुलता एक पुरुष म्हणजे बाळा, आणि त्याचा गुडघा गेलेला. तर आमचा कॅप्टन बाळा हाताला पट्टी बांधून टॉसला जातो, नाणं उडवतो, समोरच्याशी हस्तांदोलन करतो आणि बाहेर येऊन शेंगदाणे खात बसतो. मॅचभर! समोरच्या टीमला वाटतं, काहीतरी डावपेच असेल.

बाप्तिस्त निवृत्त होऊन घरी आला तेव्हा ह्या सगळ्यांनी त्याला हार घातला, आता तूच काय ते बघ म्हणाले. तो बिचारा बघायला लागला! पहाटे पोरांना पळवायचा, संध्याकाळी शिट्टी, जेवताना ताटात भाताची टीम मांडायचा आणि माशाचे काटे डिफेन्सला. म्हणजे मेहनतीत कुठे कमी नाही. पण काहीही ठरवायचं म्हटलं की सभा. कोचने शिट्टी वाजवायची, ठरवायचं मात्र कमिटीने. तो सभेत सांगायचा, दादानू, असं करून बघू या. दादा मान हलवायचे, अगदी प्रेमाने, आणि म्हणायचे, बघू या, पण जुनं मोडायचं नाही. व्हय म्हाराजा! सगळे म्हणायचे. एक बाप्तिस्त तेवढा गप्प. देवळात जत्रेला तो सगळ्यांच्या बरोबरीने म्हणतो, पण सभेत त्याने ते शब्द कधी तोंडातून काढले नाहीत. हट्टी आहे.

आता तुम्ही म्हणाल, पेनल्टी काय रोज मिळते? चुकली तर चुकली. अहो, सलग तीन वर्षं तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत पेनल्टी चुकवून बाहेर! दादांच्या घरचा म्हणून टीममध्ये त्यांचा पुतण्या निलेश. आंब्याचा धंदा, स्वभाव सोन्यासारखा, धावतोही बरा, पण पेनल्टी म्हटली की त्याच्या पोटात कळ येते. एकदा बॉल नारळाच्या झावळीत गेला. एकदा बॉल जागेवर आणि बूट गोलात. बूट बरोबर कोपऱ्यात गेला होता, ते मात्र खरं. निलेश बाप्तिस्तला येऊन सांगायचा, “अंकल, आपणाक पेनल्टी मिळाक नको, एवढा बघा.” आणि टीमने ते इतकं मनावर घेतलं, की आमचे फॉरवर्ड समोरच्याच्या गोलपुढे पडायला घाबरायला लागले! लाथ बसली तरी उभेच. रेफ्रीने शिट्टी फुंकायला घेतली की हेच ओरडायचे, काही नाही, काही नाही, लागलं नाही! जगात असा क्लब दुसरा दाखवा मला.

आणि मारणारा नव्हता असं नाही. हेच तर दुःख! राधाबाईंचा ओंकार होता ना. राधाबाई आमच्या गावच्याच. लग्न होऊन घाटावर गेल्या, तिथे काही धड झालं नाही, पोराला घेऊन माहेरी आल्या आणि भावाच्या मागच्या पडवीत राहिल्या, काजूच्या कारखान्यात जातात. ओंकार लहान असल्यापासून बाप्तिस्त सुट्टीवर आला की ह्याच्याकडे बॉल टाकायचा. त्या मुलाची पेनल्टी मी कधी चुकलेली बघितली नाही. उगीच धावपळ नाही, तोंडावर काही नाही, येतो, बघतो, आणि बॉल जाळ्यात. पण त्याचा मान कुठला? तो भाचा! भाच्याला मामाच्या गावात मान नसतो. बाप्तिस्तने सभेत त्याचं नाव काढलं तेव्हा दादा म्हणाले, “झील गुणाचो आसा. पण भाचो तो. तेका मान खंयच्या घराचो देवचो?” झील म्हणजे मुलगा. मुलगा गुणाचा, पण मान कुठल्या घराचा द्यायचा? आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली.

तर यंदाच्या सभेत जितेंद्र उठला. जितेंद्र म्हणजे आमचा सेक्रेटरी, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायच्या बोटी आहेत त्याच्या. सभेत उभा राहिला की त्याची मालवणी पळते आणि एकदम कचेरीतलं मराठी येतं. म्हणे, गावाच्या विकासाच्या दृष्टीने विचार करता, लोकांना क्रिकेट हवं आहे. दिवे लावू, कॉमेंट्री ठेवू, मोबाईलवर लाईव्ह दाखवू. तरी जुना खेळ आहे, एकदम नको मोडायला, यंदा शेवटची संधी. पहिली फेरी जिंकली तर फुटबॉल, हरलो तर ग्राउंड कायमचं क्रिकेटला. मी चहा घेऊन दारात उभी होते. मी बाप्तिस्तकडे बघितलं. तो खाली बघत होता. आणि सगळी सभा म्हणाली... काय म्हणणार?

त्या दिवशी घरी आला, जेवला नाही. काट्यांची टीम नाही, काही नाही. मी म्हटलं, अरे, खेळ आहे, जीव जाणार आहे का कोणाचा? तर म्हणाला, “क्लॉडिया, बोटीर सगळ्यो रात्री मी ह्या ग्राउंडाच्या आठवणीर काढलंय. ता गेला तर माका ह्या गावात काम काय?” मी त्याला काय सांगणार? एरवी मला बोलायला शब्द कमी पडत नाहीत, हे तुम्ही बघताच आहात. पण तेव्हा मी नुसतं त्याचं ताट झाकून ठेवलं, आणि मला त्याची फार कीव आली.

दुसऱ्या दिवशी उठला तो चेहरा वेगळाच. म्हणाला, कमिटीच्या वर कोण आहे? मी म्हटलं, रेफ्री? म्हणाला, नाही. देव. कौल लावू या!

आता कौल म्हणजे, देवाला विचारायचं. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, प्रश्न घालतात, उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावात कोणाचं लग्न, कोणाची विहीर, कोणाची वाट, सगळं तिथे सुटतं. तुम्ही म्हणाल, तुम्ही तर चर्चला जाणारे. अहो, गावचा देव तो गावचा देव! जत्रेला आमच्या वाडीचा केळीचा घड जातो, त्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही. आमचाही मान आहे म्हटलं!

तर झाडून सगळी कमिटी देवळात. घाडी म्हणजे कौल लावणारा, त्याने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घालायचं काम दादांचं, ते टाळूच शकत नाहीत, देवाचं काम. बिचारे स्वतःच्याच घरचा मान जाण्यासाठी स्वतःच गाऱ्हाणं घालत उभे. म्हणाले, “बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत...” व्हय म्हाराजा! “राधाबायच्या झिलान पेनल्टी मारूची असात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा...” व्हय म्हाराजा! आणि तेव्हा बाप्तिस्तचा आवाज सगळ्यांत मोठा. एक क्षण गेला, दुसरा गेला, आणि उजवी पाकळी पडली. काय सांगू तुम्हाला! राधाबाई देवळाच्या पायरीवर होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. ओंकार चपलांकडे बघत राहिला. आणि दादा म्हणाले, देवाने सांगितलं, आता आमचं काही म्हणणं नाही.

हे सगळं इथे थांबलं असतं ना, तर आज मी तुमच्यासमोर बडबडत बसले नसते. पण बाप्तिस्तने दादांच्या तोंडाकडे बघितलं. म्हातारा माणूस, बापाने दिलेली जमीन, त्या जमिनीवरचा घराचा एवढाच मान उरलेला, तोही गेला. रागावला असता तर बाप्तिस्त भांडला असता, पण तो माणूस रागावला नाही, नुसता पायरीवर बसून टोपी चाचपत राहिला. आणि आमचा हा विरघळला! मोठ्या बोटीवर माणसांना हुकूम सोडलेला मनुष्य, पण कोणाचं पडलेलं तोंड ह्याला बघवत नाही. पुढे गेला आणि म्हणाला, “दादानू, किक ओंकार मारतलो. पण बॉल तुमच्या घराच्या हातानच ठेवूचो.” दादांचे डोळे भरून आले. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा! मला तेव्हाच वाटलं होतं, हे काही खरं नाही. पण तो म्हणाला, अगं, निलेश टीममध्ये आहेच, तो बॉल ठेवेल, बाजूला होईल, त्यात कसली अडचण? खरंच होतं म्हणा. अडचण काहीच नव्हती.

पहिली फेरी. समोर खाडीपलीकडच्या गावची टीम. आणि त्यांचा गोलकीपर कोण? दादांचा जावई! दादांची किशोरी, माझी विद्यार्थिनी, गेल्या मे महिन्यात तिचं लग्न झालं, आमच्या अख्ख्या टीमने पंगत वाढली होती. तर तो उंच, देखणा जावई गोलात उभा, किशोरी त्यांच्या बाजूला उभी राहून हात हलवतेय, आणि आमचे दादा मॅच सुरू व्हायच्या आधी गोलच्या मागे जाऊन जावयाला विचारून आले, पाणी हवं का, ऊन लागतंय का, घरी सगळे बरे आहेत ना!

मॅच बरी चालली होती हो. एक गोल त्यांचा, एक आमचा, आमचा ओंकारनेच मारला. मधेच निलेशचा पाय मुरगळला, त्याच्या जागी राखीव पोरगा गेला आणि निलेश बाहेर आला, चेहऱ्यावर एवढा आनंद मी मुरगळलेल्या माणसाच्या कधी बघितला नाही. आणि अगदी संपत आली होती मॅच, ओंकार बॉल घेऊन आत घुसला, त्यांच्या एकाने त्याला आडवा केला, आणि हा पडला! आमच्यातला कोणीतरी पडला एकदाचा! रेफ्रीची शिट्टी. पेनल्टी!

बाप्तिस्त वेड्यासारखा धावत मैदानात गेला, ओंकारला मिठी मारायला. आता कोचने आत जायचं नसतं, रेफ्री बाहेरचा, कडक, त्याने ह्याला दोरीच्या पलीकडे, पार लोकांच्या मागे पाठवून दिलं. आणि हा तिकडे जाईपर्यंत इकडे कमिटीच्या लक्षात आलं, की अरे, बॉल कोण ठेवणार? दादांच्या घरचं मैदानात कोणीच नाही! निलेश बाहेर. आणि देवळात, देवासमोर शब्द दिलेला. मग? जितेंद्रने यादीत राखीव म्हणून दादांचं नाव घातलेलं होतंच, अध्यक्षांना बाकावर बसायचा मान म्हणून. तर ठरलं, दादांनी आत जायचं! जर्सी आणली, ती पोटापर्यंतच आली, खाली धोतर खोचलेलं, बुटाशिवाय रेफ्री सोडेना म्हणून निलेशचे बूट. पण एक आत जायचा तर एक बाहेर यायला हवा. कोणाला काढायचं? सॅविओला काढलं तर आमची वाडी बोलेल. कॉर्नरवाल्यांना काढलं तर खालची वाडी जत्रेत उभी राहणार नाही. अमक्याचा मामा कमिटीत, तमक्याच्या घरी परवा पूजा. एकेका पोराकडे बघत बघत ते शेवटी अशा पोरापाशी आले, ज्याला काढल्याने गावातलं कुठलंच घर दुखावत नाही.

ओंकार!

हो. ज्याने पेनल्टी मारायची, त्यालाच बाहेर घेतला. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगते, कोणाला दुखवायचं नाही एवढ्याच विचाराने त्यांनी ते केलं. बाप्तिस्तला मागून दिसलं, तो ओरडला, पण त्याच्यापुढे एवढे लोक आणि टाळ्या. ओंकार बाहेर येऊन दोरीपाशी उभा राहिला. माझ्या शेजारी राधाबाई. मी कपाळाला हात लावला, म्हटलं, अहो, हे काय केलं यांनी? राधाबाई अगदी हळू म्हणाल्या, “टीचर, दुसऱ्या कोणाक काढला असता तर तेचा घर रागावला असता. माझ्या झिलाक खंय घर आसा हंय?”

आणि दादा! दादांनी बॉल आणला, कपाळाला लावला, जागेवर ठेवला, दोन पावलं मागे सरून हात जोडले. आणि मारायला सांगायला मागे वळून बघतात तर मारणारा नाही! टीमकडे बघतात, टीम त्यांच्याकडे. देवाने मान दिलेला ओंकारला, त्याआधीचा मान दादांच्या घराचा, मग तिसरा कोण पाय लावणार? कोणाची हिंमत? रेफ्री शिट्टीवर शिट्टी. शेवटी दादाच मागे गेले. आणि पळत आले, तुम्हाला सांगते, चांगले पळत आले, मला वाटलं म्हातारा आता कमाल करतो! आणि समोर बघतात तर गोलात कोण? जावई! सगळ्या तालुक्यासमोर, लेकीच्या देखत, जावयावर गोल मारायचा? ज्याला पाहिला की आपण खुर्ची पुसून देतो, त्याला मातीत लोळवायचं? दादा थबकले, आणि त्यांनी बॉल अगदी अलगद, ताटात श्रीफळ ठेवून द्यावं तसा, पायाने जावयाच्या हातात सरकवून दिला.

आणि जावईसुद्धा काय गुणी! बॉल छातीशी धरून त्याने आधी सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, आणि मग तो बॉल असा लांब फेकला, असा लांब फेकला... आमची सगळी टीम तिकडे दादांच्या मागे हात जोडून उभी, इकडे सॅविओ एकटा, आणि त्याच्यापुढे त्यांच्या फॉरवर्डच्या पायाशी बॉल. गोल! शिट्टी! संपलं. किशोरीने तो व्हिडिओ लगेच स्टेटसला लावला, खाली लिहिलं, ‘माझे अहो आणि माझे बाबा’, आणि बाजूला बदाम.

संध्याकाळी दादा आमच्याकडे आले. एकटेच. मी ठरवलं होतं, आज मीच बोलणार, सगळं बोलणार. ते आले, ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “बाप्तिस्ता, जावय रे तो. पयलो दिवाळसण अजून जावचो आसा.” आता याच्यावर रागवायचं कसं, तुम्हीच सांगा! बाप्तिस्त म्हणाला, “बसा दादानू. गो क्लॉडिया, चाय ठेव.” म्हणजे कोचच्या नोकरीतली शेवटची चहाची ऑर्डरही मलाच.

ग्राउंड गेलं. दिवे लागले, पाट्या लागल्या, कर्णे बसले. आणि पहिली स्पर्धा दोन आठवडे पुढे गेली, का माहितीय? पहिला चेंडू कोणाच्या घरचा टाकणार, ह्याच्यावर सभा मिटेना! जमीन दादांची म्हणून मान त्यांच्या घरचा, म्हणजे निलेशने टाकायचा, आणि निलेशच्या पोटात पुन्हा कळ. मी बाप्तिस्तला सांगितलं, निदान हस तरी. तो हसला नाही.

मग एक दिवस पहाटे उठून बघते तर हा घरात नाही. बॉलही नाही. शोधत समुद्रावर गेले. ओहोटी होती, पाणी लांब मागे गेलेलं, ओली वाळू अशी घट्ट की पाय रुतत नाही, आणि तिथे होडीची दोन वल्ही रोवून गोल केलेला. सॅविओ गोलात, ओंकार, खालच्या वाडीची दोन पोरं, आणि आमचा हा अनवाणी, पॅन्ट दुमडून. कमिटी नाही, कॅप्टन नाही, जर्सी नाही. मी म्हटलं, बरं आहे की रे! म्हणाला, “वाळू कोणाच्या बापाशीन दिल्यान नाय, क्लॉडिया. हय मान नाय, काय नाय. ज्याका येता तेणी मारूची.” इतका सुखी चेहरा मी त्याचा कित्येक वर्षांनी बघितला. भरती आली की मैदान समुद्र घेऊन जातो, ओहोटीला परत देतो, आणि सभा घ्यायला कोणाला वेळच मिळत नाही.

हळूहळू पोरं वाढली. ज्यांना क्रिकेटमध्ये घेत नाहीत ती आली, निलेश आला, पोट एकदम बरं. दादाही येऊन होडीच्या सावलीत बसायला लागले, नुसते बघायला. जितेंद्रच्या बोटीवरचे पर्यटकसुद्धा डॉल्फिन दिसले नाहीत की हे बघत उभे राहायचे. काजूच्या कारखान्यात जाताना राधाबाईही थांबायच्या.

तर परवाची गोष्ट. दोन टीम उभ्या, बॉल मध्ये ठेवलेला, ओहोटी संपून गेलेली, पाणी वर यायला लागलेलं, आणि खेळ काही सुरू होईना. मी म्हटलं, काय झालं? कोणाची वाट बघताय? तर पोरं बाप्तिस्तकडे बघतात. एक उतावळा पुढे झाला बॉलला पाय लावायला, तर बाप्तिस्तने शिट्टी फुंकली. आमच्या बाप्तिस्तने! म्हणाला, “थांब रे. ओंकार येवंदे. पयली किक तेची.” मी म्हटलं, कोणी ठरवलं हे? तर माझ्याकडे असा बघतो, जसं मी काही भलतंच विचारलं, आणि म्हणतो, “ठरवूचा काय तेच्यात? हय पयल्या दिसापासून राधाबायच्या घराचीच आसा.”

बोलून गेला. त्याला कळलं आपण काय बोललो ते. हातातल्या शिट्टीकडे बघत राहिला. पाणी वल्ह्यांपर्यंत आलं होतं. होडीच्या सावलीत दादांनी टोपी सारखी केली आणि उठून उभे राहिले. राधाबाई कारखान्याची पिशवी घेऊन तिथेच होत्या, आणि त्या अशा ताठ उभ्या राहिल्या होत्या, की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. राधाबायच्या घराची! वाळूवरून ओंकार धावत येत होता. सगळे बाप्तिस्तच्या तोंडाकडे बघत होते. आता मी काय करणार, सांगा? इतकी वर्षं सभेच्या दारात चहा घेऊन उभी राहिले, एकदा तोंड उघडलं नाही, ह्या लोकांना मनातल्या मनात हसले... आणि तिथे, पायाशी पाणी आलेलं असताना, सगळ्यांच्या आधी मीच म्हणून मोकळी झाले, व्हय म्हाराजा!